उद्देश सर्वांत शेवटी

निष्कर्ष

तारेतील ताण आणि तारेचा सूर यांचे नाते पडताळून पाहिले. प्रयोगातून मिळालेले उत्तर अपेक्षित उत्तराशी जुळले.

ही दोन वाक्ये अरमान मुकादमने लिहिली, तेव्हा तार अजून कपाटातून बाहेरही निघाली नव्हती. यात त्याला काही वावगे वाटले नाही. मोरवेलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जर्नल लिहायची हीच रीत होती. आधी निष्कर्ष, मग निष्कर्षाला शोभेल अशी आकडेमोड, मग आकडेमोडीला शोभतील अशी निरीक्षणे. उद्देश सगळ्यात शेवटी, कारण तो फळ्यावरून उतरवायचा असतो आणि फळ्यासमोर कायम कुणीतरी उभे असते.

अरमानचा अहवाल पहिल्याच फेरीत मंजूर झाला होता. त्याच टेबलावर, त्याच तारेवर, त्याच्याच बरोबरीने प्रयोग केलेल्या हेमांगी तांडेलच्या पडद्यावर मात्र तिसऱ्यांदा तीच ओळ उमटली होती :

*निरीक्षणे सदोष. अहवाल नामंजूर. शिल्लक संधी : एक.*

हेमांगीने ओळ वाचली. मग पुन्हा वाचली, जणू दुसऱ्या वाचनात ती नरम पडणार होती. तिचे एक वर्ष आधीच बुडाले होते. एकदा वर्ष बुडालेल्या विद्यार्थ्याची टर्म मंजूर झाली नाही, तर प्रवेशच रद्द होत असे. आणि टर्म मंजूर व्हायची, तर आज पाचच्या आत हा शेवटचा अहवाल मंजूर व्हायला हवा होता.

प्रयोग म्हटला तर बाळबोध होता. माणसाच्या उंचीएवढी पोलादी तार. तिचे एक टोक टेबलाला पक्के, दुसरे पुलीवरून खाली सोडून त्याला वजन टांगलेले. तारेला बटणाएवढा एक कंपनश्रवक चिकटवायचा. तार छेडली की तो तिचा सूर ऐकतो आणि सेकंदाला किती कंपने झाली ते सांगतो. वजन जास्त, तार जास्त ताठ, सूर जास्त चढा. त्या सुरावरून ताण काढायचा आणि टांगलेल्या वजनाशी ताडून पाहायचा. दोन्ही जुळायला हवेत.

सगळ्या वर्गाचे जुळले होते. हेमांगीने वीस किलो टांगले की तिची तार सोळाच म्हणत होती.

आकडेमोड

"तू बस इथे," अरमान म्हणाला. "आणि ती पेन्सिल चावणं बंद कर, माझी आहे ती."

हेमांगीने पेन्सिल खाली ठेवली.

"वजन किती टांगलं?"

"वीस."

"म्हणजे ताण वीस यायला हवा. तेवढा ताण यायचा तर सूर किती हवा, तो काढ. उलट्या बाजूने ये. आला? आता त्या आकड्याच्या आजूबाजूला पाच रीडिंग पेर."

"पेर म्हणजे?"

"एकसारखी नको लिहूस, शंका येते. एक थोडं वर, दोन थोडी खाली. आणि एखादं जरा जास्तच चुकलेलं ठेव. बाळाला तीट लावतात ना, तसं."

"आणि खरं रीडिंग?"

"हे घ्या!" अरमानने कपाळाला हात लावला. "सत्यवचनी बाई, खरं रीडिंग माझंही सोळाच आलं होतं. मी काय म्हटलं? माझा हात हलला असेल. कंपनश्रवक नीट चिकटला नसेल. पुस्तकात वीस आहे, सर वीस म्हणतात, सीनियरच्या जर्नलमध्ये वीस आहे. मग चूक कुणाची? पुस्तकाची?"

हेमांगीने त्याच्याकडे पाहिले. "तुझंही सोळाच?"

"साधारण."

"मी तीन वेळा केला प्रयोग. तार काढून, पुन्हा लावून. तिन्ही वेळा सोळा. माझा हात चुकत असता, तर दर वेळी वेगळा चुकला असता ना? कधी अठरा, कधी बावीस. एकाच जागी कसा चुकेल?"

"तुझा हात शिस्तीचा असेल."

तिला हसू आले नाही. तिने त्याने सांगितल्याप्रमाणे पाच रीडिंगे पेरली, तीटसुद्धा लावली. अहवाल मोबाईलवर तयार झाला. सुबक, निर्दोष. 'सादर करा' या हिरव्या चौकोनावर तिचा अंगठा टेकला आणि तिथेच थांबला.

हा धीटपणा नव्हता, उलट भीतीच होती. खोटे पकडले गेले तर काय, या भीतीने तिचा अंगठा हलेना. आणि खरे लिहिले तर काय होते, ते तिने तीनदा पाहिलेच होते. दोन्ही बाजूंनी भिंत असलेल्या माणसाला जे सुचते तेच तिला सुचले. ती उठली आणि केळुसकर मॅडमच्या केबिनकडे निघाली.

"अगं, मॅडमना नको सांगू माझं सोळा!" मागून अरमान ओरडला.

निरीक्षणे

डॉ. मृणाल केळुसकर या प्रयोगशाळेच्या प्रमुख. अहवाल तपासणारा 'शुद्धक' हा कार्यक्रम त्यांनीच घडवला होता. त्यामुळे शुद्धकाची तक्रार घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याकडे त्या आईने शेजारणीकडे पाहावे तशा पाहत.

"यंत्र सदोष म्हणतंय म्हणजे काहीतरी सदोष असणार, तांडेल."

"हो मॅडम. पण काय, तेच सापडत नाहीये. तुम्ही एकदा बघता?"

मॅडम चहाचा ग्लास हातात घेऊनच आल्या. त्यांनी तार छेडली, कंपनश्रवकाचा आकडा पाहिला. पुन्हा छेडली. ग्लास टेबलावर ठेवला. मग खाली वाकून पुलीकडे पाहिले आणि बाजूला पडलेला पाना उचलून त्याच्या दांड्याने पुलीवर एक ठोका दिला.

करकर करत पुली किंचित फिरली. वजन केसभर खाली सरकले. मॅडमनी तार पुन्हा छेडली. तिघांनाही ऐकू येईल इतका सूर वर चढला होता.

"वीस," कंपनश्रवकाकडे बघत अरमान पुटपुटला.

"खाडीची हवा," मॅडम म्हणाल्या. "पुली गंजून अडकली आहे. वजनाचा पाचवा हिस्सा तीच धरून ठेवते, तारेपर्यंत पोचतच नाही. तारेत खरोखरच सोळाचा ताण होता. तुझं रीडिंग बरोबर होतं, तांडेल."

पण मॅडम तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्या शेजारच्या टेबलाकडे गेल्या. पुलीवर ठोका, तार छेडली, सूर चढला. त्याच्या पुढचे टेबल. तेच. त्याच्या पुढचे. तेच.

"ही पुली कधीपासून करकरते?" त्यांनी विचारले.

अरमानने हेमांगीकडे पाहिले, मग छताकडे. "आम्ही पहिल्या वर्षाला होतो तेव्हाही करकरायची."

"म्हणजे तुम्हां सगळ्यांना सोळा मिळत होतं."

अरमानने होकारार्थी मान हलवली.

"आणि सगळ्यांनी वीस लिहिलं. तुमच्या आधीच्यांनीही. दर वर्षी." मॅडम स्टुलावर बसल्या. "प्रत्येकाला वाटलं, आपलाच हात चुकला."

सिद्धांत

"मॅडम, झालं ते झालं," अरमान म्हणाला. "पुलीला तेल घालू. हिचा अहवाल तुमच्या सहीने मंजूर करून टाका."

"माझी सही चालत नाही. मंजुरी शुद्धकच देतो. आणि प्रश्न तिच्या अहवालाचा नाही." मॅडमनी टेबलावरचा पडदा स्वतःकडे ओढला. "शुद्धक कसा शिकला, माहीत आहे?"

दोघांनी नकारार्थी माना हलवल्या.

"कंपनश्रवक बिचारा जे कानावर पडेल ते सांगतो. त्यात वारा असतो, गाड्यांची धडधड असते, कुणी दार आपटलेलं असतं. शिकलेला माणूस त्यातला कचरा कुठला आणि सूर कुठला ते ओळखतो. हे ओळखणं यंत्राला शिकवायचं, तर जोड्या लागतात. एका बाजूला कंपनश्रवकाने ऐकलेलं कच्चं रीडिंग, दुसऱ्या बाजूला माणसाने त्यातून काय लिहिलं ते. आपल्या टेबलांवर कच्चं रीडिंग आपोआप साठतं. दुसरी बाजू म्हणजे तुमचे अहवाल. वर्षानुवर्षांचे हजारो अहवाल मी त्याला दिले."

"आमचे?" अरमान म्हणाला.

"तुमचे. तुमच्या सीनियरांचे. त्यांच्या सीनियरांचे."

अरमानने सावकाश विचारले, "म्हणजे मॅडम, त्याने कचरा काढायला शिकावं असं तुम्हाला वाटत होतं, आणि तो रीडिंग पेरायला शिकला?"

मॅडमनी शुद्धकाला हेमांगीची सोळा किलोची कच्ची कंपने दिली आणि उद्देशाच्या जागी लिहिले : वीस किलो ताणाची खात्री करणे. पडद्यावर पाच सुधारित रीडिंगे आली. त्यांची सरासरी वीस. मग कच्ची कंपने तशीच ठेवून त्यांनी फक्त उद्देश बदलला : तीस किलो ताणाची खात्री करणे. पाच नवी रीडिंगे आली. सरासरी तीस. एक थोडे वर, दोन थोडी खाली आणि एक जरा जास्तच चुकलेले.

"तीटसुद्धा लावली," अरमान म्हणाला. "मॅडम, हा तर मीच आहे."

हेमांगीने पुढे होऊन विचारले, "आणि काही अपेक्षाच नाही दिली तर?"

मॅडमनी लिहिले : तारेतील ताण किती आहे ते पाहणे.

*उद्देश अपूर्ण,* पडदा म्हणाला. *अपेक्षित उत्तर भरा.*

बाहेर खाडीवरून वारा येत होता आणि खिडकीचे एक दार उगीच आपटत होते.

"शुद्धक आणखी कुठे वापरतात, मॅडम?" हेमांगीने विचारले. उत्तर तिला ठाऊक होते. रोज सकाळी बसच्या खिडकीतून तिला ते उत्तर दिसत असे : पाण्यातून वर आलेला उंच खांब आणि त्याच्या दोन्ही अंगांनी उतरत गेलेल्या तिरप्या केबली.

"पुलावर," मॅडम म्हणाल्या.

मोरवेली खाडीचा पूल त्या केबलींनीच तोलून धरला होता. प्रत्येक केबलीला एक कंपनश्रवक होता. केबल म्हणजे शेवटी एक जाडजूड तारच. तिचा सूर उतरला, म्हणजे तिच्यातला ताण उतरला, म्हणजे आतल्या तारा तुटत आहेत किंवा तिचे बूड सरकते आहे. कंपनश्रवक ऐकत, शुद्धक त्यांचे ऐकलेले सुधारून घेई आणि सुधारलेले आकडे नियंत्रण कक्षाच्या बोर्डावर जात. कच्ची कंपने जागा खातात, म्हणून ती कुणी ठेवतही नसे.

"पुलासाठी उद्देश काय भरलाय?"

"उद्घाटनाच्या दिवशी मीच भरला होता," मॅडम म्हणाल्या. "सर्व केबलींचा ताण आराखड्याप्रमाणे असल्याची खात्री करणे."

साहित्य

हातात धरायचा एक सुटा कंपनश्रवक, ज्याचा शुद्धकाशी काही संबंध नाही आणि जो ऐकलेला आकडा स्वतःच्याच छोट्या चौकोनात दाखवतो. तो बांधायला अरमानच्या सॅकचा पट्टा. अरमानची स्कूटर, तिच्यावर मागे हेमांगी, आणि पाठोपाठ मॅडमची गाडी. मॅडमचे ओळखपत्र, जे पुलाच्या पदपथावरच्या पहारेकऱ्याने उलटसुलट करून पाहिले. हेमांगीचे घामेजलेले तळवे, ज्यांतून पट्टा सारखा निसटत होता.

आणि पलीकडच्या तीरावर, पुलाच्या तोंडाशी, एक महाकाय ट्रान्सफॉर्मर घेऊन उभा असलेला ट्रेलर. त्याची चाके मोजायचा नाद अरमानने अर्ध्यात सोडला.

"हा कधी जाणार?" मॅडमनी पहारेकऱ्याला विचारले.

"पाचला सोडणार. तोवर बाकीच्या गाड्या काढताहेत."

कृती

कंपनश्रवक पहिल्या केबलीला बांधला गेला.

अहवालात असेच लिहायचे असते. बांधला गेला, छेडली गेली, नोंद घेतली गेली; जणू सगळे आपसूक घडते आणि प्रयोगशाळेत माणूस नसतोच. प्रत्यक्षात तो हेमांगीने बांधला, दातांनी पट्टा आवळून, आणि केबलीवर अरमानने पदपथाकडेला पडलेल्या लाकडी ओंडक्याने ठोका दिला. केबल इतकी जाड होती की सूर कानाला कळण्यासारखा नव्हता. पायांना मात्र एक थरथर जाणवली. प्रत्येक केबलीच्या बुडाशी एक पितळी पट्टी होती, तिच्यावर उद्घाटनाच्या वेळचा सूर कोरलेला.

पहिली केबल पट्टीशी जुळली. दुसरी जुळली. हेमांगीला वाटले, आपण उगीच घाबरलो. तिला मनातून तसेच हवे होते.

तिसऱ्या केबलीचा आकडा पट्टीपेक्षा दहाव्या हिश्श्याने खाली होता.

"पुन्हा," मॅडम म्हणाल्या.

पुन्हा तेवढाच. तिसऱ्यांदाही तेवढाच.

"सूर दहा टक्के खाली म्हणजे ताण जवळजवळ वीस टक्के कमी," हेमांगी म्हणाली. इतके महिने ती हेच गणित करत आली होती. "मॅडम, इथे तर पुली नाही."

"नाही. इथे केबलच सैल आहे. तिचं ओझं शेजारच्या दोघी वाहताहेत. गाड्या, बस, चालून जाईल एक वेळ. पण तो..." त्यांनी पलीकडच्या तीराकडे पाहिले आणि फोन लावला.

नियंत्रण कक्षातले अभियंता नाईकनवरे फोनवर आले. मॅडमनी आवाज मोठा ठेवला होता, त्यामुळे सगळे ऐकू येत होते.

"तिसरी केबल? मॅडम, मी आत्ता बोर्डासमोर बसलोय. तिसरी हिरवी. सगळ्याच हिरव्या."

"बोर्ड चुकतोय, नाईकनवरे. शुद्धक चुकतोय. मी बनवलाय, मी सांगते."

"तुम्ही बनवलाय म्हणूनच आम्ही विश्वास ठेवतो ना! उद्घाटनाला तुम्हीच म्हणाला होतात, माणसाच्या कानापेक्षा याचा कान पक्का. आता मी वर काय कळवू? दोन पोरांनी केबल बडवून बघितली?"

"वाहतूक थांबवा. फक्त ट्रेलर थांबवा."

"फाटक माझ्या हातात नाहीये. मागे कुणीतरी अफवेवर पूल बंद केला, तेव्हापासून बोर्ड लाल झाल्याशिवाय फाटक पडत नाही. मी वरच्यांना फोन करतो, पण ते पहिलं काय विचारतील? बोर्डावर काय दिसतंय."

फोन बंद झाला.

"मी स्कूटर आडवी घालतो," अरमान म्हणाला.

"तू घालशील, पोलीस उचलतील, आणि दहा मिनिटांत ट्रेलर जाईल," मॅडम म्हणाल्या. पलीकडे ट्रेलरच्या चालकाने इंजीन चालू केले होते. त्याचा घुमारा पाण्यावरून येत होता.

खबरदारी

शुद्धकात बाहेरून काही शिरायला एकच वाट होती. महाविद्यालयाचे विद्यार्थी टर्ममधला एक अहवाल पुलावरही करू शकत. तो अहवाल पुलाच्या तपासणीत धरला जाई. म्हणजे त्यातली रीडिंगे शुद्धक प्रयोगशाळेतल्यासारखी नाकारत नसे, पुलाच्या आकड्यांसारखी सुधारून घेई, आणि त्याचा उद्देश, नवा म्हणून, आधीच्या उद्देशाची जागा घेई. आजवर या सोयीचा उपयोग कुणी केला नव्हता. खाडीवरच्या वाऱ्यात उभे राहून रीडिंग कोण घेणार, घरी बसून मिळत असताना?

मॅडमचे स्वतःचे खाते पूल सुपूर्द केला तेव्हाच बंद झाले होते. अरमानचे अहवाल मंजूर होऊन त्याची टर्म संपली होती. एकच संधी शिल्लक होती, ती हेमांगीची.

हे मॅडमनी सांगितले नाही. त्या फक्त हेमांगीकडे पाहू लागल्या आणि मग नजर वळवून पाण्याकडे पाहू लागल्या.

"मी खरी रीडिंगं भरली तर?" हेमांगीने विचारले.

"उद्देश जुना असेल, तर तो ती सुधारून हिरवी करेल. आणि बोर्ड हिरवाच राहील."

"आणि उद्देश बदलला तर?"

"तर आकडे त्या उद्देशाच्या मागे जातील. तुझे आणि बोर्डावरचेही."

"म्हणजे बनावट अहवाल."

"हो."

"माझ्या नावाने."

"हो. चौकशी झाली तर मी उभी राहीन. पण वर्षाचा नियम माझ्या हातात नाही, तांडेल. मी तुला कर म्हणणार नाही. करू नकोस असंही मला म्हणता येत नाही."

हेमांगीने मोबाईल काढला. पडद्यावर सकाळचाच अहवाल उघडा होता. पेरलेली पाच रीडिंगे, सुबक, निर्दोष. एक अंगठा टेकवायचा अवकाश, की टर्म मंजूर. घरी सांगता आले असते. गेल्या वर्षी निकाल लागला तेव्हा आई काही बोलली नव्हती; नुसती ताट वाढून बाजूला बसली होती. ते न बोलणे हेमांगीला आजही ऐकू येत असे.

"हेमांगी," अरमान म्हणाला. तो तिला कधी नावाने हाक मारत नसे. "त्यांनी गाड्या काढल्या सगळ्या. पूल रिकामा झालाय."

तिने सकाळचा अहवाल पुसला. पुसताना यंत्राने विचारले, नक्की? तिने हो म्हटले.

उद्देश

मोरवेली पुलाच्या केबलींचा ताण धोक्याच्या मर्यादेखाली गेल्याची खात्री करणे.

एवढे लिहून ती थांबली. मग निरीक्षणांच्या रकान्यात तिने तिन्ही केबलींची खरी रीडिंगे भरली, पहिल्या दोन चांगल्या आणि तिसरी वाईट. ती बदलली जाणार हे तिला माहीत होते. तरी खोटे लिहायला तिचे बोट वळेना. तेवढे काम तिने यंत्रावर सोडले. निष्कर्षाची जागा तिने रिकामी ठेवली.

सादर करा.

काही झाले नाही. ट्रेलरची पुढची चाके पुलाच्या सांध्यावरून चढली. एक जड, खोल आवाज पुलाच्या अंगातून चालत त्यांच्या पायांपर्यंत आला. पहारेकऱ्याने हिरवा झेंडा गुंडाळला. अरमान काहीतरी ओरडत रस्त्यावर धावला.

मग भोंगा वाजला. दोन्ही तीरांवर लाल दिवे लागले आणि फाटके खाली आली. ट्रेलरच्या ब्रेकांचा फूत्कार पुलाच्या या टोकापर्यंत ऐकू आला. चाके थांबली. थोड्या वेळाने, फार सावकाश, ती मागे सरकू लागली.

मॅडमचा फोन वाजला.

"मॅडम!" नाईकनवरे जवळजवळ किंचाळत होते. "सगळ्या लाल! एकूण एक केबल लाल झालीये. हे कसं शक्य आहे? मघाशी सगळ्या हिरव्या होत्या!"

"मघाशीही शक्य नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "आता बोर्डाकडे बघू नका. बोर्ड झाकून टाका. हाताने मोजायची जेवढी यंत्रं आहेत तेवढी घेऊन माणसांना खाली पाठवा."

"पण खरी खराब कुठली? तिसरी एकटीच, की आणखी आहेत?"

"आम्ही तीनच मोजल्या आहेत."

"तीन तरी आहेत ना? त्यांची रीडिंगं पाठवा. वरचे मागताहेत. लिहिलेलं हवंय त्यांना."

मॅडमनी हेमांगीकडे पाहिले. हेमांगीने मोबाईल वर धरला. तिच्या अहवालावर शिक्का पडला होता :

*अहवाल मंजूर. निरीक्षणे उद्देशाशी पूर्णपणे जुळतात. गुण : पंचवीसपैकी पंचवीस. टर्म मंजूर.*

इतके गुण तिला आजवर कधी पडले नव्हते. तिने निरीक्षणांचा रकाना उघडला. पहिल्या केबलीचे चांगले रीडिंग उतरले होते. दुसरीचेही उतरले होते. तिसरीचे, जे खरोखरच वाईट होते, तेही आणखी वाईट केले होते. तिने लिहिलेला एकही आकडा उरला नव्हता. रिकाम्या ठेवलेल्या निष्कर्षात दोन वाक्ये येऊन बसली होती : *केबलींचा ताण पडताळून पाहिला. प्रयोगातून मिळालेले उत्तर अपेक्षित उत्तराशी जुळले.*

"काय होतं तिसरीचं रीडिंग?" फोनवरून नाईकनवरे विचारत होते. "आठवतंय का? पोरी, तू घेतलंस ना?"

तिला आठवत होते. निदान तिला तसे वाटत होते. पण पडद्यावरचा आकडा एकदा पाहिल्यावर मनातला आकडाही हलू लागला होता, आणि त्या दोघांतला कुठला आपला, हे तिला छातीठोकपणे सांगता येईना.

ती तिसऱ्या केबलीपाशी गेली, पट्टा सोडला, कंपनश्रवक पुसला आणि पुन्हा बांधला. अरमान ओंडका घेऊन आला.

"थांबा," ती फोनच्या दिशेने म्हणाली. "पुन्हा घेते."